पिलांच्या पायांखालची गादी

भोपाळच्या भेल वसाहतीला लागून असलेल्या अवधपुरीतून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घराच्या मागील अंगणात चार कोंबड्या असाव्यात, या हौसेने त्यांनी कडकनाथ जातीची एक दिवसाची बारा पिले आणली. पुठ्ठ्याचे मोठे खोके, वर टांगलेला साठ वॅटचा दिवा आणि तळाशी घडी करून अंथरलेली वर्तमानपत्रे, अशी सिद्धता केली. चौथ्या दिवशी दोन पिलांचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेले दिसले, ती उठेनात. कागदाचा तळ पिलांना कठीण वाटत असेल, या समजुतीने त्यांनी एका फर्निचरच्या दुकानातून लाकडाचा मऊ, पिठासारखा भुसा आणून पसरला. पुढील चार दिवसांत ती दोन पिले तर गेलीच, शिवाय आणखी दोन दगावली. या दोघांची गळ्याखालची अन्नपिशवी घट्ट फुगलेली होती. आता आठ उरली आहेत. धाकट्या मुलाने प्रत्येकाला नाव ठेवले आहे आणि शाळेतून आल्याबरोबर तो प्रथम खोक्यात डोकावतो. ‘कोणते औषध द्यावे, की उरलेली पिले परत करावीत?’ असे भगिनींनी विचारले आहे. सासूबाईंचे मत त्यांनी प्रांजळपणे कळविले आहे: ‘आमच्या गावी डालग्याखाली पिले वाढली, त्यांना कोणी गाद्या घातल्या नव्हत्या.’

पत्रावरून निश्चित निदान करणे योग्य नव्हे. आजारी पिलू पशुवैद्यकांस दाखवावे, हे उत्तम. तथापि पत्रातील क्रम पाहता औषधाच्या आधी पिलांच्या पायांखाली काय आहे, तिकडे लक्ष जावयास हवे. त्या भगिनींना काय करावयाचे ते स्वतंत्रपणे कळविलेच आहे. अंगणात चार-सहा कोंबड्या पाळण्याची हौस आपल्यापैकी अनेक कुटुंबांत असल्यामुळे येथे तो विषय सविस्तर मांडीत आहे.

आईच्या पोटाखाली आणि पेटीत

सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही. फक्त त्यात कोंबडी गृहीत धरलेली आहे. गावच्या अंगणात पिलांना ऊब मिळते ती वरून, आईच्या पोटाखाली. पायांखाली असते ती कोरडी, खरबरीत माती. आई पिलांना घेऊन दिवसभर हिंडते, त्यामुळे विष्ठा एका जागी साचत नाही. शिवाय काय टिपावे आणि काय टिपू नये, हे ती स्वतः चोच मारून दाखविते. खोक्यातील पिलांना यांतले काहीच नसते. त्याच पाच-सहा चौरस फुटांत ती रात्रंदिवस खातात, पितात, विष्ठा टाकतात आणि झोपतात. म्हणून आई आणि अंगण या दोघांचे बरेचसे काम तळाच्या गादीला करावे लागते. कोंबडीपालनात ‘गादी’ हा शब्द रूढ आहे खरा, पण त्यामुळे आपली थोडी फसगत होते. तान्ह्या मुलाच्या दुपट्यासारखे काहीतरी मऊ हवे, अशी कल्पना होते. पिलाला मऊपणाची गरज नसते. त्याला पाय रोवता येईल असा खरबरीतपणा, ओल शोषणारा कोरडेपणा आणि खालच्या थंड फरशीपासून आडोसा हवा असतो; आणि जे अंथरले आहे ते चुकून गिळले जाऊ नये, एवढेच.

कडकनाथचे एक दिवसाचे पिलू जेमतेम २८ ते ३० ग्रॅम वजनाचे असते. अंड्यातून बाहेर येताना बलकाचा उरलेला भाग त्याच्या पोटात ओढला गेलेला असतो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. याच दिवसांत त्याच्या पायांचे स्नायू आणि सांधे बळकट होत असतात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर, विशेषतः ते पाण्याने किंवा विष्ठेने ओले झाल्यावर, पिलाचे पाय बाजूंना घसरतात. दिवसभर असे घसरत राहिले की पाय तसेच फाकून राहतात. अशा पिलाला ऊब आणि पाणी समोर असूनही गाठता येत नाही, आणि इतर पिले त्याला तुडवितात. कडकनाथ ही काटक जात आहे, हे खरेच. झाबुआ आणि आसपासच्या भागांतील भिल्ल व भिलाला समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मोठ्या कोंबडीचा काटकपणा एक दिवसाच्या पिलाच्या गुडघ्यांत शोधू नये.

पाय फाकल्याचे पहिल्या एक-दोन दिवसांतच ध्यानी आले, तर पुष्कळदा उपाय होतो. पिलू नैसर्गिकपणे उभे राहील इतके, म्हणजे साधारण इंचभर अंतर ठेवून दोन्ही पाय मऊ चिकटपट्टीने सैलसर जोडावेत आणि त्याला खरबरीत तळावर ठेवावे. पट्टी रोज पाहावी. पाय सुजल्यास लगेच सोडावी. तीन-चार दिवसांत अनेक पिले सरळ चालू लागतात. त्या वेळी पाणी त्याच्या चोचीजवळ आणून पाजावे.

आता भुशाविषयी. नवजात पिलाला दाणा आणि भुशाचा कण यांतला भेद कळत नाही. जे बारीक दिसेल त्यावर ते चोच मारते. बारीक भुसा पोटात गेला की तो अन्नपिशवीत ओल धरून फुगतो आणि पुढे सरकत नाही. पिलू पोट भरल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात उपाशी असते. शिवाय पिठासारख्या भुशाची धूळ नाकातोंडात जाते. फर्निचरच्या दुकानातील भुशात आणखी एक धोका असतो. त्यात प्लायवूडचा गोंद, पॉलिशचे कण आणि वाळवीविरुद्ध लाकडाला दिलेले विषारी द्रव्य मिसळलेले असू शकते. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा तर बंद, उबदार पेटीत मुळीच नको; त्याची वाफ पिलांच्या श्वसनमार्गाला त्रास देते.

बाजारात काय मागावे

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांत येथे एक भाषिक घोटाळा होतो. मराठी पुस्तकात ‘लाकडाचा भुसा’ किंवा ‘भाताचे तूस’ असे वाचून आपण भोपाळच्या बाजारात जातो आणि ‘भूसा’ मागतो. दुकानदार प्रामाणिकपणे गव्हाच्या काडाचा बारीक केलेला, गुरांना घालावयाचा भूसा देतो. लाकडाच्या भुशाला तेथे ‘बुरादा’ म्हणतात. आपले ‘तूस’ म्हणजे त्यांची ‘धान की भूसी’. आपण तांदळाचा ‘कोंडा’ म्हणतो तो पदार्थ मात्र निराळा, दाण्यावरील तेलकट, पिठूळ थराचा असतो. शब्द एक आणि वस्तू दुसरी, असे होऊ नये म्हणून हातात घेऊन, डोळ्यांनी पाहूनच घ्यावे.

भाताचे तूस हे भोपाळच्या परिसरात सर्वांत सोयीचे. शेजारच्या रायसेन आणि नर्मदापुरम् (पूर्वीचे होशंगाबाद) जिल्ह्यांत धान पिकते. तूस हलके, खरबरीत आणि धूळ काढल्यास स्वच्छ असते. ओल मात्र ते बेताचीच शोषते, म्हणून रोज हलवावे लागते. गिरणीतून येणाऱ्या तुसात पुष्कळदा कोंडा आणि कणी मिसळलेली असते. पिले ती वेचून खातात, आणि ओल लागली की त्याच कोंड्याला प्रथम बुरशी येते. म्हणून तूस चाळणीने चाळावे, गच्चीवर पातळ पसरून दोन दिवस कडक ऊन द्यावे आणि मगच वापरावे.

सुतार रंधा मारताना जे लाकडाचे कुरळे, मोठे छिलके निघतात, ते तुसापेक्षाही उत्तम. ते ओल चांगली शोषतात आणि इतके मोठे असतात की पिलाला गिळता येत नाहीत. अट एवढीच की लाकूड साधे, वाळलेले आणि रंग, पॉलिश वा औषध न लावलेले असावे. सुताराला तसे स्पष्ट विचारावे आणि त्यातील बारीक भुसा चाळून टाकावा.

गव्हाचे काड वापरावयाचे तर एक-दोन इंचांचे तुकडे करून वापरावे. लांब काड गुळगुळीत असते आणि थापून त्याची चटई होते. मार्च-एप्रिलमध्ये मळणीनंतर मिळणारे काड कोरडे, सोनेरी असते. तेच उघड्यावर साठवून श्रावणात घेतले तर बुरसट निघते. भुईमुगाच्या टरफलांनाही बुरशीचा हाच धोका असतो. मूठभर घेऊन वास घ्यावा. कुबट वास आला किंवा काळे-हिरवट ठिपके दिसले, तर ऊन देऊनही ते वापरू नये. बुरशीचे बीजकण श्वासावाटे पिलांच्या फुप्फुसांत शिरतात. मग पिले चोच उघडी टाकून धापा टाकतात. घशात आवाज मात्र फारसा नसतो. ब्रूडरमधील या फुप्फुसदाहावर खात्रीचा इलाज नाही. बुरसट गादी पेटीत येऊच न देणे, हाच त्यावरील उपाय.

नदीची जाड, धुतलेली वाळूही चालते. तिला पाय धरतो आणि ती लवकर सुकते. पण थंडीच्या दिवसांत वाळू गार पडते व पिलांच्या अंगातील ऊब खेचून घेते, म्हणून ती आधी दिव्याखाली चांगली तापलेली असावी. गोणपाट खरबरीत असल्यामुळे पहिल्या आठवड्यात उपयोगी पडते. ते खत अथवा कीटकनाशकाचे नसावे, धुऊन वाळविलेले असावे आणि कडा शिवलेल्या असाव्यात. सुटे धागे पिलांच्या बोटांना वेढे घालतात व पोटातही जातात.

मग वर्तमानपत्र अगदीच निषिद्ध का? तसेही नाही. तुसाच्या गादीवर चुरगाळून पुन्हा उलगडलेला कागद पहिले एक-दोन दिवस अंथरून त्यावर खाद्य विखुरले, तर दोन गोष्टी साधतात. पिलांना खाद्य दिसते आणि तूस चोचीपासून दूर राहते. खाणे म्हणजे काय हे त्यांना समजले की तिसऱ्या दिवशी कागद काढून टाकावा. कागद हा गादीवरचा तात्पुरता पाट आहे. तो गादीची जागा घेऊ शकत नाही.

गादी घालणे आणि राखणे

बारा पिलांना पहिल्या दोन आठवड्यांसाठी तीन फूट लांब व दोन फूट रुंद जागा पुरते. तीवर दोन इंच जाडीची गादी घालावयास एक घनफूट, म्हणजे पंधरा लिटरच्या साधारण दोन बादल्या तूस लागते. थंडीत जाडी तीन इंच करावी. आपल्या घरांत कोटा फरशी किंवा टाईल्स असतात. डिसेंबर-जानेवारीत भोपाळची रात्र दहा अंशांच्या खाली उतरली की त्या बर्फासारख्या होतात. म्हणून खोक्याखाली लाकडी फळी अथवा दोन-तीन थर पुठ्ठा ठेवावा. पिले यावयाच्या आदल्या दिवशीच गादी घालून दिवा लावावा, म्हणजे हवेबरोबर गादीही तापते. तळाशी, पिलाच्या पाठीच्या उंचीवर, पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करावे. पेटीचा एक कोपरा थंड राहील असा दिवा एका बाजूस टांगावा, म्हणजे पिलांना स्वतःची जागा निवडता येते. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी आहे; दूर कोपऱ्यांत पंख पसरून पडली तर उष्मा आहे; सगळीकडे विखुरलेली असली तर सारे ठीक आहे.

दिव्यासंबंधी दोन सूचना. हल्लीचे एल. ई. डी. दिवे प्रकाश देतात, ऊब जवळजवळ देत नाहीत. येथे तारेचा जुना दिवा किंवा अवरक्त दिवाच हवा. दुसरे म्हणजे, कोरडे तूस आणि लाकडाचे छिलके पेट घेतात. दिवा केवळ विजेच्या वायरवर लोंबकळत ठेवू नये. साखळीने बांधावा, शिवाय दुसरी एक दोरी आधाराला असावी आणि दिव्याभोवती जाळी असावी. रात्री घर झोपलेले असताना दिवा गादीवर पडला, तर हानी पिलांपुरती राहणार नाही.

ओल येते ती मुख्यतः पाण्याच्या भांड्यापाशी. भांडे उथळ असावे आणि विटेच्या तुकड्यावर, पिलाच्या छातीच्या उंचीस ठेवावे. त्याभोवतीची ओली गादी सकाळ-संध्याकाळ मूठभर काढून तेथे कोरडी घालावी. उरलेली गादी रोज एकदा हाताने वरखाली करावी. ओल किती आहे हे पाहावयाची सोपी रीत अशी: मूठभर गादी घट्ट दाबून सोडावी. लाडू वळला आणि तसाच राहिला, तर ती फार ओली आहे. किंचित धरून लगेच मोकळी झाली, तर योग्य. मुळीच न धरता धूळ उडाली, तर फार कोरडी आहे. ही परीक्षा दिवसाकाठी अर्धे मिनिट घेते, आणि नंतर हात साबणाने धुतले की झाले. मुलांनाही तीच सवय लावावी. पिलांना कुरवाळून तसेच जेवावयास बसू नये.

ओल इतकी महत्त्वाची का? रक्ती हगवणीचे सूक्ष्म परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात, तेव्हा ते लगेच रोग देत नाहीत. उबदार, ओलसर गादीत सुमारे दोन दिवस राहिले म्हणजे ते पक्व होतात, आणि मग पिलाच्या चोचीवाटे पोटात गेले की आतड्याला जखमा करतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांत हा रोग विशेष आढळतो. नेहमीच्या जंतुनाशकांना हे परजीवी फारसे दाद देत नाहीत; कोरडेपणापुढे मात्र ते टिकत नाहीत. म्हणूनच आषाढ-श्रावणात, भोपाळवर पावसाची झड लागलेली असताना, पिले आणण्याचा मोह आवरावा. आणलीच तर गादी दुप्पट वेळा बदलण्याची तयारी ठेवावी.

ओल्या गादीतून अमोनिया वायूही सुटतो. तो विष्ठेजवळ, खालीच अधिक जाणवतो. आपण उभे राहून वास घेतो आणि ‘काही वास नाही’ असे म्हणतो, तेव्हा पिलू मात्र तळाशी त्यातच श्वास घेत असते. म्हणून गुडघे टेकून, पिलाच्या उंचीवर नाक नेऊन वास पाहावा. नाकाला झोंबले किंवा डोळ्यांत पाणी आले, तर त्याच वेळी गादी काढावी. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पिले घातलेल्या गादीत चुना मिसळण्याची सूचना कोणी करील. ती मानू नये. चुन्याने पाय भाजतात आणि अमोनिया अधिकच सुटतो.

जुनी गादी आणि शेजार

काही जण मोठ्या पोल्ट्रीतून ‘एकदाच वापरलेली’ गादी फुकट आणतात. यात काटकसर नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिली बर्ड फ्लूची साथ उघडकीस आली, तेव्हा तेथील नमुन्यांची तपासणी भोपाळच्याच आनंदनगरमधील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत झाली होती. आज ती राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था म्हणून ओळखली जाते. नवापुरात त्या वेळी लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि अनेक कुटुंबांचा धंदा बुडाला. या रोगाचा विषाणू विष्ठेतून पसरतो, आणि विष्ठा म्हणजेच जुनी गादी. बूट, पिंजरे आणि गादी यांबरोबर तो एका अंगणातून दुसऱ्यात जातो. म्हणून गादी नेहमी नवी आणि कोरडी घ्यावी. आपली वापरलेली गादीही दुसऱ्या कोंबड्यांपाशी नेऊ नये. ती खड्ड्यात पाचोळ्याबरोबर कुजवून, काही महिन्यांनी खत म्हणून बागेला घालावी. ताजीच घातली तर तिच्या उष्णतेने आणि तीव्रतेने गुलाबाची मुळे जळतात. एखादे पिलू दगावले तर हातात पिशवी चढवून ते खोल पुरावे. एकाएकी बरीच पिले दगावली तर मात्र पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय रुग्णालयास कळवावे.

आता अवधपुरीच्या भगिनींच्या प्रश्नाकडे. उरलेली आठ पिले परत करू नयेत. ती चालतात, खातात आणि दिव्याखालून मोकळी हिंडतात, असे त्यांनीच लिहिले आहे. खोक्यातील सारा भुसा त्याच दिवशी काढून टाकावा, खोकेही नवे घ्यावे, आणि चाळलेले, ऊन दिलेले तूस दोन इंच घालावे. ज्यांची अन्नपिशवी रात्री भरून सकाळी रिकामी होते, ती पिले सुखरूप आहेत. ज्या पिलाची ती सकाळीही घट्ट लागेल, ते वेगळे काढून पशुवैद्यकांकडे न्यावे. पिशवी चाचपण्याचे काम धाकट्या चिरंजीवांवर सोपवावयास हरकत नाही. त्याने नावानिशी वहीत नोंद ठेवावी. आणि सासूबाईंनी गावी पिले वाढविली आहेत, तेव्हा पिलांच्या आवाजातला फरक, थंडीची चिवचिव कोणती आणि तृप्तीची कोणती, हे घरात त्यांच्याइतके कोणाला कळणार? संध्याकाळी त्यांची खुर्ची खोक्याजवळ मांडावी.

पहिल्या सहा आठवड्यांचे खाद्य घरी कसे मिसळावे, यासंबंधीही दोन पत्रे आली आहेत. त्याविषयी पुढील अंकी.